ओट्यामागची भिंत परत ओली होते? जुन्या घरातलं स्वयंपाकघर फोडण्याआधी हे तपासा

मृगाचा पाऊस पडून पंधरा दिवस झाले की मला फोन सुरू होतात. “दादा, गेल्या वर्षीच टाइल्स बसवल्या होत्या. भिंत परत फुगली की ओ!” शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, टिळकवाडीतले जुने बंगले, खडेबाजाराच्या आजूबाजूच्या गल्ल्या, घर कुठलंही असो, तक्रार हीच. बेळगावात जुन्या घरांची डागडुजी करणं हे माझं काम. वडील गवंडी होते, त्यांच्या हाताखाली शिकलो. जुन्या घरात नवं स्वयंपाकघर करताना लोक ग्रॅनाइटचा रंग, ट्रॉल्या, चिमणी यांवर महिनाभर विचार करतात. भिंतीत पाणी कुठून येतंय हे मात्र कुणी विचारत नाही. ते आधी शोधलं नाही तर नव्या ओट्याचा पैसा दोन पावसाळ्यांत वाया जातो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता ओल सापडल्याशिवाय मी ओट्याचं काम हातातच घेत नाही.

लक्षणं

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटतात, गिलावा फुगतो, बोट लावलं तर भुगा पडतो. त्यावर पांढरी, कापसासारखी पूड येते. आपण तिला लोणा म्हणतो. झाडून काढली तरी आठ-पंधरा दिवसांत परत येते.

ओट्यामागच्या टाइल्सवर बोटाची पेरं वाजवली की काही टाइल्स भरीव वाजतात, काही पोकळ. सांधे काळे किंवा पांढरे पडतात.

ओट्याखाली कुबट वास येतो, प्लायवूड खालच्या कडेला फुगतं, ट्रॉलीच्या पट्ट्या गंजतात. डबा घट्ट लावूनही पापड सादळतात.

भिंतीच्या पलीकडच्या खोलीत, बहुतेक वेळा देवघरात किंवा माजघरात, त्याच उंचीवर डाग उमटतो.

छताजवळच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात. हे प्रकरण वेगळं आहे, खाली सांगतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नळाला, फ्रिजला किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिणल्यासारखं होत असेल तर पुढचं वाचायचं थांबवून आधी मेन स्विच बंद करा. वीजवाल्याने तपासून होईपर्यंत त्या भिंतीला कुणी हात लावू नये.

पहिली तपासणी: पेन्सिल आणि कॅलेंडर

खर्च काहीच नाही. ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. आठ दिवसांनी परत रेघ ओढा. स्वयंपाकघरात कॅलेंडर असतंच. त्यावर पाऊस कधी पडला, नळाला पाणी कधी आलं, वरच्या मजल्यावर कपडे कधी धुतले, एवढ्याच खुणा करायच्या.

ओल कुठून येते हे ती कधी येते आणि किती उंचीवर येते यावरून कळतं, म्हणून ही तपासणी पहिली. डाग फक्त पावसाळ्यात वाढत असेल आणि मार्चपर्यंत वाळत असेल, तर पाणी बाहेरून किंवा छतातून येतंय. बारा महिने सारखाच असेल तर जमिनीतून किंवा गळक्या पाइपातून. आपल्या गावात एक सोयीची खूण आहे. काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी आहे, पण अनेक जुन्या गल्ल्यांत ते काही दिवसांच्या अंतराने येतं. पाणी आल्यावर दुसऱ्या दिवशी डाग वाढत असेल तर तुमची पुरवठ्याची लाइन भिंतीत गळतेय. कोनवाळ गल्लीतल्या एका काकूंनी दोन महिने अशा खुणा केल्या होत्या. मी फक्त कॅलेंडर पाहिलं आणि नेमक्या जागी छिन्नी लावली. एकच टाइल फुटली. नाहीतर अख्खी भिंत सोलावी लागली असती.

दुसरी: प्लास्टिकचा चौकोन

जाडसर पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन कापा, ओल्या जागेवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. भिंतीवर लोणा असेल तर आधी तो भाग कोरड्या कापडाने पुसून घ्या, नाहीतर पट्टी चिकटत नाही. दोन दिवस तसंच राहू द्या.

प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. आतून कोरडं आणि बाहेरून दमट असेल तर ती स्वयंपाकाची वाफ. छताजवळचे काळे ठिपके बहुधा या दुसऱ्या प्रकारचे. ते बुरशीचे असतात. कुकरच्या शिट्ट्या, आंघोळीच्या पाण्याचं पातेलं, भात, या सगळ्याची वाफ थंड भिंतीवर बसते. कौलं काढून स्लॅब टाकला की हे हमखास होतं. पूर्वी वाफ कौलांच्या फटींतून निघून जायची, आता तिला वाटच राहत नाही. इथे भिंत फोडायची काहीच गरज नाही. एक्झॉस्ट पंखा बसवा, तो स्वयंपाक संपल्यावरही पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, आणि चिमणीची नळी बाहेर काढा. गरम हवा परत खोलीतच सोडणाऱ्या चिमणीने वाफ जात नाही.

लोणा आणि बुरशी यांत गल्लत करू नका. लोणा पांढरा, भुसभुशीत, खालच्या तीन फुटांत. बुरशी काळी किंवा हिरवी, तिला वास असतो, आणि ती बहुधा वरच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे असते. दोन्हींचा उपाय अगदी वेगळा.

तिसरी: सिंक आणि मोरी

आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरांत ओट्याला लागूनच मोरी असायची. नंतर कुणीतरी तिच्यावर फरशी घातली, सिंक वर नेलं, पण मोरीचा पाइप तसाच खाली राहिला. निम्म्या घरांत मला गळती तिथेच सापडली आहे.

सिंकची जाळी बंद करून ते काठोकाठ भरा. पाण्यात कपड्यांची नीळ घाला. खाली पाइपाभोवती वर्तमानपत्र पसरा आणि एकदम सगळं पाणी सोडा. नळ थोडा सोडून पाहिलं तर सांधा गळत नाही, भरलेल्या सिंकच्या दाबानेच गळतो. कागदावर निळा ठिपका दिसला की झालं. मोरी चालू असेल तर तिच्या जाळीत ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवा, वर चार बोटं निळं पाणी साठवा, काठावर पेन्सिलने खूण करा आणि दोन तास कुणालाही तिथे जाऊ देऊ नका. पाणी खाली गेलं किंवा पलीकडच्या भिंतीवर निळसर झाक आली, तर मोरीच्या सांध्यांत किंवा तळात चीर आहे.

नवं काम करताना सिंकच्या पाइपाला चार फुटांमागे साधारण सव्वा इंच उतार हवाच. जुन्या घरात ओटा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेला की पाइप लांबतो, उतार मिळत नाही, मग तुंबून सांधे सुटतात. ओट्याची जागा बदलायची असेल तर आधी हा हिशोब करा.

चौथी: नळाची लाइन

रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशची टाकी भरून घ्या, मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कुणी नळ सोडायच्या आधी परत पाहा. आकडा पुढे गेला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. तुमच्याकडे पाणी काही दिवसांनी येत असेल तर ही तपासणी पाणी आलेल्या रात्रीच करा. वरच्या टाकीतून येणाऱ्या लाइनसाठी टाकीत येणारं पाणी बंद करा, आत पातळीची खूण करा आणि सकाळी पाहा.

जुन्या घरांत भिंतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात. तीस-चाळीस वर्षांत ते आतून गंजतात आणि पहिल्यांदा सांध्यापाशी फुटतात. ज्या भागांत चोवीस तास पाणी आलं तिथे या जुन्या पाइपांवर सतत दाब राहू लागला. आधी तासभर गळणारा सांधा मग दिवसभर गळायला लागला. नवी लाइन टाकलीत तर भिंत बंद करण्याआधी प्लंबरकडून दाबाची चाचणी करून घ्या. दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा रात्रभर हलता कामा नये. सकाळी तुम्ही स्वतः पाहा, तोंडी हमीवर टाइल्स बसवू नका.

पाचवी: घराबाहेर जाऊन भिंतीची मागची बाजू

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण लोक सगळ्यात कमी पाहतात ती हीच बाजू.

आपल्या जुन्या घरांचं जोतं काळ्या दगडाचं असतं, वर जांभ्याचा चिरा किंवा कच्च्या विटा, मधे माती नाहीतर चुना. भिंत दीड-दोन फूट जाड. जोत्याचा दगड पाणी फारसं धरत नाही, पण जांभा आणि विटा स्पंजासारखं ओढतात. त्या खालून पाणी शोषतात आणि ते दोन-तीन फुटांपर्यंत चढतं. म्हणूनच तुमच्या भिंतीवरचा डाग त्या उंचीवर थांबतो. घर बांधलं तेव्हा जोतं रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट वर होतं. नंतर गल्लीत डांबर पडलं, डांबरावर काँक्रीट, त्यावर आणखी एक थर. आज अनेक घरांत रस्ता उंबऱ्याच्या बरोबरीने आहे. म्हणजे पावसाचं पाणी आता जोत्यावर न आपटता थेट जांभ्यावर आपटतं.

बाहेर जाऊन टेप लावा. आतली फरशी आणि बाहेरची जमीन यांत किती अंतर आहे ते मोजा. बाहेरची जमीन वर असेल किंवा बरोबरीत असेल, तर आतून काहीही लावा, ओल येतच राहणार. भिंतीच्या कडेने फूटभर रुंद चर काढून माती खाली घेणं, त्यात खडी भरून पाणी दूर नेणं, हा त्यावरचा खरा उपाय. गटार भिंतीला खेटून असेल तर त्याची आतली बाजू फुटली आहे का ते पाहा.

मग वर बघा. बेळगावात वर्षाला 1,200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा जुलैच्या आगेमागे संततधार पडतो. दोन घरांच्या मधल्या बोळात पन्हळ फुटली असेल तर त्या सगळ्या पागोळ्या तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर. एखादं कौल सरकलं असेल तर पाणी वाशावरून वाहत भिंतीच्या डोक्यात शिरतं आणि बाहेर येतं पाच फूट खाली. म्हणून डाग जिथे आहे तिथेच पाणी शिरलंय असं समजू नका. खानापूरची जुनी कौलं एखाद-दुसरी बदलायची असतील तर उतरवलेल्या घरांची मिळतात. नव्या मापाची त्यांच्यात नीट बसत नाहीत.

सहावी: जमिनीखाली काय आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा

वडगावात एका विणकराच्या घरी तीनदा ओटा बदलून झाला होता. भिंत कोरडी, पाइप नवे, तरी ओट्याखालची फरशी दरवर्षी खचायची आणि सांध्यांतून पाणी वर यायचं. मी फरशी उचलणार तेवढ्यात आतल्या खोलीतून आजी म्हणाल्या, “तिथं आमचा माग होता रे.” खड्ड्याचा माग, म्हणजे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो. माग बंद केला तेव्हा खड्डा विटांच्या तुकड्यांनी आणि राबिटाने भरला, वर शहाबादी फरशी घातली. पावसाळ्यात त्या पोकळ भरावात पाणी साठत होतं. आम्ही तो भराव पूर्ण उपसला, थराथराने मुरूम ठोकून भरला, वर काँक्रीट घातलं, मग फरशी. त्याला आता सहा पावसाळे झाले.

मागाचा खड्डा, बुजवलेला आड, जुनं पेव, जुन्या संडासाची टाकी, हे सगळं आपल्या घरांखाली असतं आणि नकाशावर नसतं. बुजवलेला आड ओट्याखाली निघाला तर मात्र तिथेच थांबा. त्यावर ग्रॅनाइटचं वजन टाकायचं की नाही, हे इंजिनिअरने ठरवायचं.

सातवी: भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा

ही तपासणी फोडाफोडीची, म्हणून इतक्या खाली.

माती-चुन्याच्या भिंतीवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला असतो, त्यावर ओल रोखणारा रंग, त्यावर टाइल्स. भिंतीतलं पाणी पूर्वी चुन्यातून हवेत उडून जायचं. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी गिलाव्याच्या मागे वर चढतं आणि जिथे टाइल्स संपतात तिथे बाहेर पडतं. शहापूरच्या एका घरात मी स्वतः ही चूक केली आहे, कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा. वहिनींना गणपतीच्या आत स्वयंपाकघर हवं होतं. आम्ही जुलैत ओल्या भिंतीवर छतापर्यंत टाइल्स बसवल्या. स्वयंपाकघर सुंदर दिसलं. दिवाळीत पलीकडच्या देवघराची भिंत ओघळायला लागली. पाण्याला इकडून वाट मिळाली नाही, ते तिकडून निघालं. मी माझ्या खर्चाने सगळं काढून दिलं, आणि तेव्हापासून गणपतीच्या घाईचं काम घेत नाही.

डागाच्या वर फूटभरापर्यंत सिमेंटचा गिलावा काढा. दर्जांतली भुसभुशीत माती दोन बोटं खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, धुतल्याने क्षार परत आत जातात. मग भिंत वाळू द्या. साधारण अंदाज असा की जाडीच्या इंचामागे एक महिना. दीड फुटाची भिंत पूर्ण वाळायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेवढं कुणी थांबत नाही हे मला माहीत आहे. पण गिलावा दिवाळीनंतर काढून मार्चपर्यंत भिंत उघडी ठेवली तर वरचा थर बराच वाळतो. मग प्लास्टिकचा चौकोन परत लावून बघा. ऑगस्ट 2019 च्या पुराचं पाणी ज्या भिंतींना लागलं होतं, त्यांना मी दोन उन्हाळे दिले होते.

वाळल्यावर चुना-वाळूचा गिलावा करा. चुना नीट भिजवलेला हवा, आणि तो लावणारा हात जुना हवा. टाइल्स ओट्याच्या वर दोन फूटच लावा. ओट्याखालची भिंत चुन्याची, उघडी राहू द्या. ट्रॉल्यांची कपाटं भिंतीपासून इंचभर पुढे, पायांवर उभी करा आणि मागे पूर्ण बंद फळी लावू नका. बायका म्हणतात, झुरळं येतील. ओट्याखाली कोरडं राहिलं तर झुरळं कमीच येतात, हे मी ज्यांच्याकडे केलंय त्यांना विचारा.

भिंतीच्या तळाला भोकं पाडून त्यात रसायन भरण्याचं कामही होतं. एकसंध विटांच्या भिंतीत त्याचा उपयोग होतो. आपल्या दगड-मातीच्या भिंतीत मधला भाग पोकळ भरावाचा असतो, रसायन कुठे जाईल याचा भरवसा नसतो. बाकी सगळं करून झाल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

भिंत सरळ दिसण्याऐवजी मधे पोट आल्यासारखी दिसते, ओळंबा लावला तर बोटभर फरक पडतो. चीर तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेली आहे, किंवा तिच्यात पाच रुपयांचं नाणं उभं आत जातंय. तुळईचं भिंतीतलं टोक खिळ्याने दाबलं तर आत शिरतंय, म्हणजे कुजलंय किंवा वाळवीने खाल्लंय. यांतलं एक जरी दिसलं तरी छिन्नी खाली ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. ओपन किचनसाठी मधली भिंत काढायची असेल तर तुळयांचं वजन कशावर बसलंय हे त्यानेच सांगायचं. गवंडी कितीही अनुभवी असो, मी असलो तरी, हा निर्णय त्याचा नाही.

शेजाऱ्यांशी सामाईक भिंत असेल तर फोडण्याआधी त्यांना घरी बोलवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नंतर तिकडे चीर गेली तर भांडण टळतं.

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. ओल्या भिंतीतल्या जुन्या कापडी वायरी काढून टाका, स्वयंपाकघराच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, असं धरू नका.

गॅसचा वास आला तर स्विच चालू-बंद काहीही करू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि 1906 ला फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी ठेवायला सांगा, आणि सिलिंडर मोरीच्या तोंडाजवळ नको.

इंजिनिअर किंवा प्लंबर येईल तेव्हा त्याच्या हातात तारखांच्या रेघांचे फोटो, कॅलेंडर, मीटरचे आकडे आणि आतल्या-बाहेरच्या जमिनीतलं मोजलेलं अंतर द्या. जुलै-ऑगस्टमध्ये भिंत पाहून ठेवलेली असेल तर उत्तम. काम जानेवारीनंतर सुरू करा, आणि गिलावा मेच्या मध्यापर्यंत पुरा होईल असं बघा.